स्पेलिंगचा हुतूतू

हेमचंद्र कर्णिक बदलापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले ते एकोणीसशे बावन्न साली, आणि पहिल्या सहामाहीतच त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला शिकवता येत नाही. इंग्रजी तेव्हा आठवीत सुरू होई. मिसरूड फुटू लागलेली मुलं ए बी सी डी घोकायला लाजत, आणि कर्णिकांच्या तासाला सारा वर्ग जांभया देई. "आज मलाही आली," असं ते घरी बकुळाला, बायकोला, सांगून हसत.

एका संध्याकाळी मैदानावर मुलांचा हुतूतू बघताना त्यांना कल्पना सुचली. हुतूतू म्हणण्याऐवजी स्पेलिंग घुमवायचं. एक शब्द घ्यायचा, त्याची अक्षरं एका दमात पुन्हापुन्हा म्हणत चढाई करायची. अक्षर चुकलं की गडी बाद. दुसऱ्या दिवशी वर्ग मैदानावर गेला आणि जांभया थांबल्या. आपल्या हातून काहीतरी थोर काम घडतंय असं कर्णिकांना वाटू लागलं. भाषणं ठोकतानाची स्वप्नंही पडली.

महिन्याभरानं त्यांनी उजळणी घेतली. 'सी ए टी कॅट' अख्ख्या वर्गाला येत होतं. त्यापलीकडे कुणाला काही येत नव्हतं.

वांगणीकडच्या वाडीतून चालत येणारा धाकलू सगळ्यांत पट्टीचा गडी. कर्णिकांनी त्याला विचारलं, "दुसरा शब्द का नाही घेत रे कुणी?"

"लांब शबूद घेतला का दम तुटतो, गुरुजी."

"करून तर बघा. एलिफंट घ्या."

"तुमी दाखवा ना मंग," धाकलू अगदी आदबीनं म्हणाला.

नाही म्हणायची सोय नव्हती. कर्णिकांनी धोतराचा काचा मारला, चष्मा काढून ठेवला आणि मधली रेघ ओलांडून पलीकडच्या गड्यांत शिरले. 'ई एल ई पी एच'पर्यंत सगळं ठीक होतं. मग कुणीतरी पाय धरला, चौघं अंगावर बसले आणि त्यांच्या तोंडून निघालं, "अगं आई गं."

"पी एचच्या फुडं ए येतो, गुरुजी," धाकलूनं त्यांना उठवता उठवता सांगितलं.

तो शब्द मात्र त्या दिवशी वर्गाला कायमचा पाठ झाला.

पुढं उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, शाळाशाळांचे सामने झाले. कॅटवर पोसलेला दम घेऊन पोरं खेळली आणि ढाल जिंकून आली. हेडमास्तरांनी कर्णिकांना बोलावलं. "जूनपासून तुम्ही खेळ घ्या," ते म्हणाले. "इंग्रजीला मी दुसरं कुणी बघतो."

"वाईट वाटलं का हो?" बकुळानं रात्री विचारलं.

"वाटलं. त्यांचं बरोबर आहे याचं जास्त वाटलं."

जूनमध्ये नवे सर आले, तेही चष्मेवाले. कर्णिक गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर फक्कीच्या रेघा आखू लागले. उरलेल्या फक्कीनं ते कोपऱ्यात रोज एक लांबसा इंग्रजी शब्द लिहीत. पोरं त्याच्या अक्षरांवरून उड्या मारत मैदानात येत. एकदा 'टुमॉरो'त एक आर राहिला. इंग्रजीचे नवे सर वर्गातून खाली आले, त्यांनी तेवढा आर आत घातला आणि हात झटकले.

"आलाच आहात तर एक चढाई करून जा," कर्णिक म्हणाले, आणि सरांचा चष्मा धरायला हात पुढं केला.