पिकअपचं गाऱ्हाणं

जगदीश माझा नवरा, पण आम्ही दोघं लालबागच्या एकाच चाळीत वाढलो, म्हणून अहोजाहो कधी जमलंच नाही. भांडायलाही ते बरं पडतं. अरे-तुरेत भांडण पटकन उरकतं.

आमच्याच गल्लीत आमचा मसाला कुटायचा डंक आहे. कापडगिरणी बंद पडल्यावर सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, तो सुरू केला. आता मी चालवते. जगदीशने जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. गेल्या साली माझ्या आईच्या पाटल्या मोडून आम्ही नवीन पिकअप घेतली. पुण्या-साताऱ्याची दुकानं आमचा मालवणी मसाला घेतात, तो हिच्यातूनच जातो. गाडी चालली तर डंक चालतो, डंक चालला तर घर चालतं. इतकं सरळ आहे.

गाडी तशी गुणी. फक्त भरलेली असली की खंबाटकी घाटाच्या चढाला रडायची. मग माल उशिरा पोचायचा, दुकानदार मला फोन करायचे आणि मी जगदीशला फाडून खायचे.

त्यात हा अभय उपटला. अभय म्हणजे जगदीशचा दोस्त, भायखळ्याला गाड्यांचं ट्यूनिंग करतो. लॅपटॉप लावायचा आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरातली सेटिंग बदलायची, हा त्याचा धंदा. एक दिवस डंकावरच येऊन बसला.

"वहिनी, कंपनी इंजिन मुद्दाम दाबून ठेवते. मी जरा मोकळं करतो. चढाला अशी पळेल ना, तुम्ही म्हणाल हीच का ती!"

"आणि वॉरंटी?"

"सर्व्हिसिंगच्या आधी मला हाक मारायची. मी जुनी सेटिंग परत टाकतो. कुणाच्या बापाला कळत नाय."

त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. पण ऐकलं नाही असं कुणी म्हणू नये, म्हणून सर्व्हिस सेंटरला जाऊन उन्मेषला विचारलं. उन्मेष तिथे आमची गाडी बघतो. विदर्भातला आहे, बोलायला शांत. तो म्हणाला, "ताई, सेटिंगला हात लागला असेल तर इंजिन आणि त्याला जोर देणाऱ्या टर्बोची वॉरंटी विसरा. पुढे काही झालं तर सगळं तुमच्या अंगावर. जुनी सेटिंग परत टाकली तरी बरेचदा कळतं."

घरी दोन दिवस तेच चालू. जगदीश म्हणायचा, "गाडी चढत नसेल तर वॉरंटी काय चाटायची आहे?"

"चढते रे. सावकाश चढते."

"तुला काय, तू डंकावर बसतेस!"

अप्पा खाटेवरून ऐकत होते. ते आपल्या मालवणीत म्हणाले, "बैलाक दारू पाजून नांगराक जुपतत काय रे?" जगदीशला ते लागलं. शेवटी मीच निकाल दिला. वॉरंटी संपेपर्यंत इंजिनाला कुणी हात लावायचा नाही, मग हवं तर रॉकेट लाव. जगदीश "बरं" म्हणाला. विषय संपला, असं मला वाटलं.

त्यानंतर माल वेळेवर पोचायला लागला. साताऱ्याच्या दुकानदाराने कौतुकाचा फोन केला. शेजारच्या सुरुचीला मी वर मान करून सांगितलं की जगदीशचा आता हात बसलाय गाडीवर. अक्कल बघा माझी!

ऐन मसाल्याच्या सीझनला, डंकावर मिरच्यांची पोती थांबलेली असताना, गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन आचके द्यायला लागली. शिट्टी वाजावी तसा आवाज, पाठीमागे धूरच धूर, आणि बंद. उन्मेषला फोन केला तर बिचारा टोइंगची गाडी घेऊनच आला. बॉनेट उघडून त्याने बघितलं.

"टर्बो गेलाय. वॉरंटीत बसेल. सेंटरला नेऊन कॉम्प्युटरला लावतो. ताई, मध्ये कुणी हात नाही ना लावला?"

"कोण लावणार? मी जामीन आहे!" मी छाती ठोकून सांगितलं.

जगदीश चाकापाशी उभा राहून फोनशी चाळा करत होता. म्हणाला, "आज नको. उद्या नेऊ या का?"

"उद्या कशाला, मुहूर्त आहे?" मी खेकसले. टेन्शन आलं असेल, असं मला वाटलं.

टोइंगवाला हूक लावणार, तेवढ्यात अप्पा नारळ घेऊन खाली उतरले. गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्याकडे फ्रिजसुद्धा चालू होत नाही, मग आजारी गाडी तशीच कशी जाईल? गाऱ्हाणं म्हणजे घरातल्या मोठ्याने देवाशी मोठ्याने बोलायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साक्ष द्यायची. खोट्याला साक्ष द्यायची नाही, हे आमच्या पोरांना पाटी हातात धरायच्या आधी कळतं. चाळीत सगळ्यांत मोठा "व्हय" अप्पांच्या झिलाचा, म्हणजे मुलाचा, जगदीशचा. तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातो.

अप्पांनी बॉनेटसमोर नारळ धरला. शेजारीपाजारी गोळा झाले. उन्मेषनेही हात जोडले.

"बा रवळनाथा म्हाराजा, ही तुजी लेकरा आज तुज्या फुडे उभी आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या गाडयेर आमचा प्वाट आसा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माज्या झिलान ह्या मशिनीक हात लावूक नाय, ह्या तुका म्हायत आसा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हटलं. पण आवाजाने गल्ली निम्मीच भरली. मोठा आवाज त्यात नव्हताच. मी वळून बघितलं. जगदीश जमिनीकडे बघत होता आणि त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते.

झालं. मला सगळं कळलं. साताऱ्याचं कौतुक, "उद्या नेऊ", फोनशी चाललेला तो चाळा, अभयलाच शोधत असणार. असा संताप आला! माझ्याशी महिनोन् महिने खोटं बोलता येतं, आणि देवासमोर जीभ उचलत नाही? बायको काय रस्त्यावर पडलीय?

उन्मेषच्या काही लक्षात आलं नव्हतं. मी गप्प बसले असते तर गाडी गेली असती, अभयने काहीतरी खटपट केली असती, कदाचित टर्बो फुकटात मिळालाही असता. हे मला तेव्हाही समजत होतं. पण माझं तोंड कधी माझं ऐकतं?

"अप्पा, शेवटचं परत म्हणा," मी म्हटलं. "एकाचा आवाज आला नाही."

अप्पांनी आधी माझ्याकडे, मग पोराकडे बघितलं. नारळ तसाच धरून ते हळू म्हणाले, "माज्या झिलान ह्या मशिनीक हात लावूक नाय, रे म्हाराजा?"

सगळ्यांनी जगदीशकडे माना वळवल्या.

"नाय म्हाराजा," जगदीश म्हणाला. "लावलंय."

उन्मेषने बॉनेट बंद केलं. "ताई, आता मला हे लिहावं लागेल. वॉरंटीत नाही बसणार."

"लिहा," मी म्हटलं.

वॉरंटीतलं टोइंगही गेलं. टोइंगवाला हूक गुंडाळायला लागला. जगदीश माझ्याजवळ आला. "चढाला गाडी अडकली की मागचे आईबहिणीवरून शिव्या घालतात. दुकानदार तुला फोन करतात, तू मला करतेस. मी कुणाला करू?"

ह्यात माझाही वाटा होता. म्हणून राग आणखीच वाढला.

अप्पांचं गाऱ्हाणं अजून पुरं झालं नव्हतं, आणि अर्धं सोडायचं नसतं. ते पुढे म्हणाले, "झिल चुकलो, पण तुज्या फुडे खरा बोललो, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले, मीही म्हटलं. ते खरंच होतं.

"आणि सूनबायन तेका माफ केल्यान, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अप्पा थांबले. "सूनबाय, तुजो आवाज येवक नाय."

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. जगदीशही बघत होता, शिक्षेला उभ्या केलेल्या पोरासारखा. मला आईच्या पाटल्या दिसत होत्या, थांबलेली पोती दिसत होती. आणि माझेच फोन कानात वाजत होते.

"अजून नाय, म्हाराजा," मी म्हटलं.

अप्पांनी मान डोलावली आणि नारळ फोडला. जगदीश मुकाट्याने गाडीत चढला आणि त्याने स्टेअरिंग धरलं. मी ओढणी कमरेला खोचली आणि मागून गाडी ढकलत डंकासमोर आणली.