सासूबाईंचा आकडा

सुग्रीव लोहारानं उरलेल्या गजावर हातोडा हाणला आणि गज बत्ताशासारखा तुटला. तुटल्या तोंडावर साखरेएवढे दाणे चमकत होते. याच गजाचा आकडा सकाळी सासरवाडीच्या विहिरीवर, गाळ उपसायच्या इंजिनाच्या यारीला बकेट अडकवायला लागला होता. आज त्या यारीच्या बकेटीत बसून त्याची सासू गोजरबाई नव्या पाण्याची पूजा करायला खाली उतरणार होती.

सेलूच्या दुकानदारानं गज देताना सांगितलं होतं, "याच्यात चिमूटभर नायोबियम धातू हाय. त्ये दाणा वाढू देत न्हाई. कितीबी तापवा." सुग्रीवनं 'कितीबी' तेवढं मनावर घेतलं. आकडा वाकडा झाला म्हणून त्यानं तो न तोडता गजासकट पुन्हा भट्टीत घातला आणि रेडिओवरच्या भजनात विसरला. काढला तेव्हा लोखंड पांढरंफटक होतं, ठिणग्या उडत होत्या. तेवढ्या आचेत नायोबियमही विरघळतं आणि मोकाट सुटलेले दाणे एकमेकांना खाऊन फुगतात आणि लोखंड ठिसूळ करतात, हे दुकानदाराला कुणी सांगितलं नव्हतं.

सुग्रीव धावत विहिरीवर पोचला.

"सूर्यभान, आईला उतरवू नको."

"उतरली की," मेव्हणा म्हणाला. "बकेट रिकामी वर घ्यायलोय."

"मामी, कडेला सरका," सुग्रीव खाली सासूला ओरडला.

"का?"

"सरका म्हणतो न्हवं."

बकेट कपारीला अडली, यारीनं हिसका दिला आणि आकडा तुटला. खाली धाडकन आवाज झाला. सुग्रीवला खाली डोकावायचा धीर होईना.

"जावईबापू," खालून आवाज आला, "नारळ मी फोडणार होते."

विहिरीला पायऱ्या नव्हत्या. सुग्रीवनं दोरानं ओढू का विचारलं, तर ती म्हणाली, "मी काय म्हैस हाय? नवा आकडा करा. आन त्यावर आधी तुमी बसून या."

नवा आकडा सुग्रीवनं दुसऱ्या गजाचा, भट्टीसमोरून न हलता केला. पळसाच्या फुलाचा रंग आला की बाहेर. उरलेला तुकडा मोडून पाहिला, दाणा रव्यासारखा बारीक होता. तरी दुसऱ्या बकेटीत बसताना त्यानं आकडा दोनदा ओढून पाहिला.

तो खाली पोचला आणि पहिला आकडा मोठ्या दाण्यापायी तुटला, हे त्यानं सासूला सांगून टाकलं. फुटका नारळ ओटीत घेऊन गोजरबाई शेजारी बसली. इंजिन धडधडलं, बकेट वर निघाली. सुग्रीवनं डोळे गच्च मिटले. ती आकड्याकडेच बघत होती.

अर्ध्या वाटेवर तिनं विचारलं, "दाणा बारीक हाय न्हवं?"

"हाय," सुग्रीव म्हणाला आणि त्यानं सासूचा पदर धरला.