माझ्यावर लिहिलेली कॅनडाची बातमी

मित्रांनो, माझ्या अंगाला आजही जळक्या ऑइलचा वास येतो. जवळ आलेला माणूस आधी नाक मुरडतो आणि मग वाचू लागतो. मला त्याची लाज वाटत नाही. मी एक जुना लाकडी फळा आहे आणि तो वास कसा लागला, हे तुम्हाला सांगायलाच मी बोलतो आहे.

नांदूरघाटला बाजार करणारं आमचं गाव लहान आहे. धोंडीराम सुतारांनी सागाच्या तीन फळ्या जोडून मला शाळेसाठी केलं. बॅटरीच्या जुन्या सेलमधला कोळसा कुटून, त्यात पाल्याचा रस कालवून मला काळं केलं. अनेक वर्षं माझ्यावर पाढे आणि बाराखडी उमटली. पुढे शाळेत नवे गुळगुळीत फळे आले आणि माझी रवानगी खिचडीच्या पातेल्यांमागे झाली. तिथे माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली. मला कुणी वाचलं नाही, असा तेवढाच काळ माझ्या आयुष्यात आहे. तो मला आठवावासा वाटत नाही.

मला बाहेर काढलं वनमालाबाईंनी. अंबाजोगाईला शिकलेल्या या बाई गावचं वाचनालय चालवत. त्यांनी मला धुतलं, पुन्हा काळं केलं आणि वाचनालयाच्या ओसरीत टांगलं. रोज सकाळी त्या वर्तमानपत्रं वाचत आणि माझ्यावर मजकूर लिहीत. सोयाबीनचा भाव, एसटीची वेळ, कुणाचा दहावा. खाली दोन हात जागा त्या राखून ठेवत. तिथे जगातली एक बातमी आणि त्यावर त्यांचं स्वतःचं मत असे.

त्या जागेत कॅनडा आला, तो रविराजमुळे. रविराज हा मोहनरावांचा मुलगा. मोहनराव गावचे मोठे बागायतदार आणि पुढारी. त्यांचा शब्द ग्रामपंचायतीत कुणी मोडत नसे. रविराज लहानपणापासून वाचनालयात पडीक असायचा. तो शिकायला कॅनडात गेला आणि तिथून बाईंना फोनवर लांबच लांब संदेश पाठवू लागला. गावाला त्या देशाचं भारी कुतूहल. त्यामुळे माझ्यासमोर गर्दी होऊ लागली.

एकदा बाईंनी लिहिलं, "कॅनडात गोड्या पाण्याची इतकी तळी आहेत की मोजता येत नाहीत. तरीही तिथल्या मूळ रहिवाशांच्या काही वस्त्यांना वर्षानुवर्षे पाणी उकळून प्यावं लागतं. पाणी आहे, पण त्या वस्त्यांपर्यंत ते स्वच्छ पोचवणं कुणाला निकडीचं वाटलं नाही."

त्या दिवशी टँकरची वाट पाहणाऱ्या बायाही घागरी खाली ठेवून ऐकत होत्या. कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं. "एवढी तळी असून?" त्यांच्यातल्या बायनाबाई म्हणाल्या. "मंग तिथले पुढारीबी हितल्यासारखेच की!" सगळ्या हसल्या. मोहनरावही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना खडूची मोठी पेटी पाठवली. पोराचा देश रोज वाचायला मिळतो, याचा त्यांना अभिमान होता.

मग एक दिवस वाईट बातमी आली. कॅनडात घरं महाग झाली होती, भाडी परवडत नव्हती, आणि बोट परदेशी विद्यार्थ्यांकडे दाखवलं जात होतं. सरकारने बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या कमी करायचं ठरवलं. बाईंनी माझ्यावर लिहिलं:

"कॅनडात घरं कमी पडली. ती बांधायची जबाबदारी ज्यांची होती, त्यांनी ती वेळेवर बांधली नाहीत. आता पुढारी म्हणतात, बाहेरून आलेल्यांमुळे घरं संपली. बाहेरून आलेल्यांना तिथे मत नाही. म्हणून त्यांच्यावर बोलणं सोपं आहे."

मोहनराव बराच वेळ माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"लई खरं लिहिलं बाई तुमी," ते म्हणाले. "आमच्या पोरानं कुनाचं काय घेतलं? त्याला का म्हून बोलतेत?"

मित्रांनो, तो बाप त्या क्षणी अगदी खरा होता. हे मी मुद्दाम सांगतो. पुढे जे झालं ते ऐकताना तुम्ही हे विसरू नका.

पुढच्या उन्हाळ्यात गावच्या सार्वजनिक विहिरीने तळ गाठला. गायरानाच्या कडेला मेंढपाळांची सहा घरं आहेत. सिदू आणि त्याची बायको कडूबाई तिथे सोळा वर्षांपासून राहतात. त्यांची मुलगी अंजू गावच्याच शाळेत शिकली. पण त्यांची नावं अजून जुन्या गावच्या मतदार यादीत होती. मोहनराव पारावर म्हणाले, "भाईरच्यांनी पानी संपीवलं. शेकड्यानं मेंढरं पाजत्येत. त्यांना हलवल्याबिगर विहीर भरत न्हाई." विहिरीपासून शंभर पावलांवर त्यांच्याच उसात नवे दोन बोअर दिवसभर चालत होते. ते सगळ्यांना दिसत होते. पण बोललं कुणी नाही. ग्रामसभेत तसा ठराव घ्यायचं ठरलं.

वनमालाबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी खडू उचलला. पहिलं अक्षर वाकडं आलं, ते पुसून त्यांनी पुन्हा काढलं. त्यांनी मागच्या वर्षीचीच बातमी लिहिली, फक्त नावं बदलून.

"आपल्या गावात पाणी कमी पडलं. ते राखायची जबाबदारी ज्यांची होती, त्यांनीच विहिरीजवळ बोअर पाडले. आता पुढारी म्हणतात, बाहेरून आलेल्यांमुळे पाणी संपलं. बाहेरून आलेल्यांना इथे मत नाही. म्हणून त्यांच्यावर बोलणं सोपं आहे."

तासाभरात मोहनराव आले. सोबत त्यांचा माणूस तानाजी होता.

"पुसा ते," मोहनराव म्हणाले.

"यातला कोणता शब्द खोटा आहे, ते सांगा. तेवढा पुसते."

"तिथलं येगळं, हितलं येगळं."

"मागल्या वर्षी तुम्हीच म्हणालात, लई खरं लिहिलं."

मोहनरावांनी तानाजीकडे पाहिलं. तानाजीने ओल्या फडक्याने मला पुसलं. बाईंनी ते दोघे वळायच्या आत पुन्हा लिहिलं. त्याने पुन्हा पुसलं. त्यांनी तिसऱ्यांदा लिहिलं. तेव्हा तानाजी ट्रॅक्टरकडे गेला आणि जळक्या ऑइलचा डबा घेऊन आला. त्याने तो माझ्यावर ओतला. माझा खिळा उपटला. मी फरशीवर पडलो आणि माझा डावा कोपरा फुटला.

ऑइल लाकडात मुरतं तेव्हा फार दुखतं. पण त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. बाईंनी माझ्यावर खडू टेकवला आणि तो घसरला. एक रेघही उमटेना. मला वाटलं, आपलं संपलं.

दुसऱ्या दिवशी कडूबाई आली. पदरात चुलीतली राख होती. तिने मला आडवं केलं आणि राखेने घासायला बसली. दोन दिवस ती घासत होती.

"मला वाचता येत न्हाई, बाई," ती म्हणाली. "पर आमच्यावर काय लिवलं हुतं ते अंजूनं सांगितलं. हे पुसून जाऊ द्यायचं न्हाई."

ऑइल पूर्ण निघालं नाही. खडू अजूनही घसरत होता. मग बाईंनी चुना कालवला, त्यात डिंक घातला आणि ब्रशने लिहिलं. तोच मजकूर, बोटभर उंच अक्षरांत. चुना वाळल्यावर तो ओल्या फडक्याला दाद देईना. मित्रांनो, इतकी ठळक अक्षरं मी जन्मात अंगावर वागवली नव्हती.

ग्रामसभा सकाळी अकराला मारुतीच्या देवळासमोर होती. एका बाजूने कडूबाईने आणि दुसऱ्या बाजूने बाईंनी मला उचललं आणि भर रस्त्यातून नेलं. कडूबाईला सभेत हात वर करायचा अधिकार नव्हता. म्हणून ती सभेच्या कडेला, मला उभं धरून राहिली. सिदू आणि इतर मेंढपाळ तिच्यामागे उन्हात उभे होते.

"हा फळा हितं का म्हून आनला?" मोहनराव ओरडले.

"वाचायला," वनमालाबाई म्हणाल्या.

ग्रामसेवकांनी ठराव वाचला. मेंढपाळांनी एका महिन्यात गायरान सोडावं. कोण बाजूने, असं विचारल्यावर हात वर होऊ लागले. आधी मोहनरावांच्या भावकीचे, मग त्यांच्याकडे कामाला जाणाऱ्यांचे. काहींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून हात वर केला.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून केसरबाई उठल्या. त्या मोहनरावांच्या पत्नी, रविराजच्या आई. सभेत त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"आवो, परवा रवीचा फोन आलता," त्या म्हणाल्या. "बसमधी एक बाई त्याला म्हनली, तुमच्या लोकांमुळं आमच्या लेकरांना घर मिळंना. त्या दिवशी तुमी जेवला न्हाईत. ताट तसंच ठिवलं. मी बघितलं."

"खाली बस," मोहनराव म्हणाले.

"बसते की. आधी सांगा, ह्या कडूबाईच्या घरी चार दिस कोन जेवलं न्हाई, ते कोनी इचारलं का? आपलं लेकरू तिथं भाईरचं हाय. तिथं कोनी त्याला हाकललं तर तुमी कुनाच्या तोंडाकडं बघनार?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तिथं रवीला मत न्हाई. हितं हिला न्हाई. पर मला हाय."

आणि ठरावाच्या विरोधात कोण, असं ग्रामसेवकांनी विचारायच्या आधीच त्यांनी हात वर केला.

क्षणभर तो एकच हात होता. मग बायनाबाईंचा आला. मग शाळेच्या सोमनाथ मास्तरांचा. मग बायांच्या सगळ्या घोळक्याचा. बाजूने एकोणतीस, विरोधात सत्तेचाळीस. ठराव पडला. कडूबाईने मला इतकं घट्ट धरलं होतं की तिची बोटं माझ्या चौकटीत रुतली. सिदू खाली बसला आणि त्याने मुंडाशात तोंड लपवलं.

सगळं गोड झालं, असं मी सांगणार नाही. आठवड्याने ग्रामपंचायतीने वाचनालयाची खोली दुरुस्तीला म्हणून बंद केली. कुलूप अजून तसंच आहे. पुस्तकं बाईंच्या घरात खाटेखाली आहेत. उसातले बोअर चालूच आहेत, आणि त्यांवर बंदी यावी म्हणून बाया तहसीलला दोनदा जाऊन आल्या आहेत. केसरबाई दोन्ही वेळा सोबत होत्या. तिकडे कॅनडात रविराजही नव्या नियमांविरुद्ध इतर विद्यार्थ्यांसोबत धरणं धरून बसला. त्याचं पुढे काय होईल, ते अजून ठाऊक नाही. मेंढपाळांची सहा घरं मात्र गायरानात आहेत आणि त्यांनी मतदार यादीसाठी अर्ज भरले आहेत.

मी आता एसटीच्या थांब्याजवळ भिंतीला टेकून उभा असतो. बाई रोज चुन्याने लिहितात. मोहनराव रस्त्यापलीकडे गाडी थांबवतात आणि तिथूनच वाचतात. मला ते दिसतं. मी त्यांच्याकडे तोंड करूनच उभा आहे.

मित्रांनो, मला रंग द्या, फुटलेला कोपरा सांधा, असं मी मागणार नाही. मला वस्तुसंग्रहालयात तर मुळीच नेऊ नका. तुमच्या गावातही एखादा फळा, एखादी भिंत, एखादं वाचनालय असेल. ते गप्प राहू देऊ नका. दूरच्या देशातला अन्याय वाचून तुमचा जीव हळहळला, तर तीच बातमी आपल्या गावचं नाव घालून एकदा वाचून पाहा. आणि माझ्यावरचं लिहिणं पटलं नाही, तर डबा घेऊन येऊ नका. ब्रश घ्या आणि खाली तुमचं म्हणणं लिहा. तेवढी जागा माझ्यावर नेहमी मोकळी आहे.