मुक्या घंटेतली कोलांटी

एंगेलबर्ट नेटेकोव्हन पाहुण्यांना कोलोन शहर दाखवत नाही, गाऊन ऐकवतो. दर शनिवारी दुपारी कॅथेड्रलच्या पायऱ्यांशी लाल छत्री घेऊन उभा राहतो, दहा-बारा टाळकी जमली की त्यांना देवळा-देवळांतून पायी फिरवतो आणि संध्याकाळी माझ्या दारात आणून सोडतो. माझं दार म्हणजे ‘मुकी घंटा’. मागं बिअरची भट्टी, पुढं लाकडी बाकांची खाणावळ. आत शिरलं की तुळईला एक जुनी घंटा टांगलेली आहे, तिच्या आत लोलक नाही, म्हणून ती मुकी. उंच गिऱ्हाइकाचं डोकं आपटावं इतकी ती खाली आहे, पण माझ्या सासऱ्यांनी ती वर घेतली नाही आणि मीही घेतलेली नाही.

शनिवारी दुपारी खरं तर मी भट्टीवर असायला हवं. पण पाय घरात ठरत नाही. संतांची गोष्ट कुणी वाचून दाखवली तर मला डुलकी लागते. एंगेलबर्ट सांगायला लागला की डोळे भरतात. तो अर्धी गोष्ट बोलतो, ऐन मोक्याला थांबतो, छत्रीचं टोक फरशीवर आपटून ताल धरतो आणि उरलेली गातो. उभा जन्म सेंट उर्सुलाच्या देवळात वेदीपाशी गायलेला माणूस तो! धृपद मात्र सगळ्यांनी म्हणायचं, सुटका कुणाची नाही:

दार उघड गं, कोलोनमाई,
लेकरांच्या घशाला ओल नाही!

किती वेळा ऐकलं असेल मी हे. तरी दर वेळी माझा घसा खरोखर कोरडा पडतो, आणि भट्टी माझीच असते.

पण ही गोष्ट ज्या शनिवारची आहे, त्या शनिवारी मी भक्तीनं गेले नव्हते. कटात सामील होऊन गेले होते.

कट कॉर्दुलाचा. कॉर्दुला ही एंगेलबर्टची एकुलती एक लेक, माझ्याकडं वाढायचं काम करते. आमच्या वाढप्यांना निळा पेहराव असतो, कमरेला कातडी बटवा असतो आणि जिभेला लगाम नसतो. कुणी पाणी मागितलं तर ‘साबण-टॉवेलही आणू का?’ असं विचारायची रीत आहे. कॉर्दुला ती मनोभावे पाळते. तर अशी ही वाघीण एके दिवशी माझ्या कबुलीच्या खोक्यात येऊन रडायला लागली. खोकं म्हणजे दाराशी असलेलं उंच लाकडी खोपटं. मालकिणीनं आत बसून सगळ्यांवर नजर ठेवायची. पाद्री पापं ऐकायला बसतो तसल्याच घडणीचं, म्हणून नावही तेच पडलं.

“मावशी, मला एक मुलगा आवडलाय.”

“मग रडतेस काय? आमच्या वेळी आम्ही नाचायचो.”

“तो डुसेलडॉर्फचा आहे.”

मी छातीवर क्रूस केला.

डुसेलडॉर्फ आमच्या खालच्या अंगाला, त्याच ऱ्हाईनच्या काठी. त्यांची बिअर काळपट, आमची सोनेरी. वैर कशावरून जुंपलं ते दोन्हीकडं कुणाला धड सांगता येत नाही, म्हणूनच ते टिकलंय. बाकीच्यांचं थट्टेवारी जातं. एंगेलबर्टचं जात नाही. कॉर्दुलाच्या मागच्या एका मित्रानं आमच्याच टेबलावर चुकून काळी बिअर मागितली. बिचारा म्युनिकचा होता. तरी एंगेलबर्टनं त्याला दंडाला धरून स्टेशनवर नेलं आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर उभा राहिला.

“मग गुपचूप लग्न करून मोकळे व्हा,” मी म्हटलं.

“बाबा गाणार नसतील तर मला लग्नच नको.” तिनं निळ्या बाहीला नाक पुसलं. “आई गेली तेव्हा त्यांनी गाणं सोडलं होतं. मी हट्ट करकरून पुन्हा तोंड उघडायला लावलं. आणि माझ्याच लग्नात ते गप्प बसणार?”

माझं काळीज विरघळलं; आणि काळीज विरघळलं की माझं डोकं फार वाईट चालतं. “असं कर,” मी म्हटलं, “त्याला पाहुणा म्हणून तुझ्या बापाच्या फेरीला धाड. चांगला श्रोता भेटला की एंगेलबर्टला त्याचं गाव विचारायचं सुचत नाही. आधी जीव जडू दे. पत्ता मग सांगू.”

तर शनिवारी तो आला. टिलमान. उंच, लाजाळू, चर्चमधले ऑर्गन सुरात लावायचा धंदा. मी त्याला खांबाआड घेतलं.

“गाव विचारलं तर ‘नदीकाठचा’ म्हण. खोटं बोलायचं नाही, देवाच्या दारात उभे आहोत. आणि काहीही झालं तरी हात जमिनीला टेकायचे नाहीत.”

“म्हणजे?”

“आनंद झाला की तू काय करतोस ते कॉर्दुलानं सांगितलंय मला.”

पोरगा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

सेंट उर्सुलाच्या देवळात एंगेलबर्टला रंग चढला. उर्सुला आणि तिच्या सख्या, नदीतून आलेल्या नावा, काठावर हूणांचे बाण. “सगळ्या सख्या पडल्या. एकटी कॉर्दुला भिऊन नावेच्या तळाशी लपली. रात्रभर लपली!” छत्री आपटली. “कुणाला कळलं नसतं. जगली असती, म्हातारी झाली असती. पण सकाळी काय झालं?”

हॉलंडहून आलेल्या एका म्हातारबाईंनी श्वास रोखून धरला होता.

“सकाळी आपल्या पायांनी बाहेर आली आणि म्हणाली, मीही त्यांच्यातलीच! म्हणून मी माझ्या लेकीचं नाव कॉर्दुला ठेवलं.”

मग धृपद उठलं. आणि त्या दिवशी त्याच्या खाली, तळघरातून यावा तसा एक भरदार सूर लागला. एंगेलबर्टचे कान ताठ झाले.

“खालचा सूर कोण धरतंय?”

“मी, नेटेकोव्हनसाहेब.” टिलमान डोळे पुसत होता, आणि ते काही सोंग नव्हतं.

“कुठले तुम्ही?”

“नदीकाठचा.”

“तरीच! नदीकाठचे गळे ओले असतात.” एवढं बोलून स्वारी पुढं चालू लागली. मी उर्सुलाला मनातल्या मनात एक मेणबत्ती बोलले.

शेवटचा मुक्काम ऱ्हाईनच्या पायऱ्या. इथं एंगेलबर्ट दर वेळी पाण्यात बुटांचे तळवे बुडवतो, एक झाला की दुसरा. “ही आपल्या पवित्र शहराची धूळ,” तो म्हणाला. “खाली डुसेलडॉर्फला जाते. ते लोक याच पाण्याची बिअर करतात. तेवढंच बिचाऱ्यांना पुण्य!”

सगळे हसले. टिलमान सगळ्यांत मोठ्यानं.

“आणि त्यांना ओळखायचं कसं? सोपं आहे. आनंद झाला की आपण गातो. ते हात टेकून, तंगड्या वर करून, गाडीच्या चाकासारखे रस्त्यातून गडगडत जातात. पोरं नव्हे हो, बाप्येसुद्धा! डोकं खाली, पाय वर. विचार निघणार कुठून?”

टिलमाननं हात खिशात घातले. पार कोपरापर्यंत घातले म्हणा ना.

‘मुक्या घंटे’त आलो तर कॉर्दुला निळ्या पेहरावात तयारच. आमचे पेले बोटासारखे उभट आणि लहान. रिकामा झाला की वाढपी न विचारता भरलेला ठेवतो. नको असेल तर पेल्यावर पुठ्ठ्याची चकती झाकायची. चकती पडली की विषय संपला. त्यावर ना वाढप्यानं बोलायचं, ना गिऱ्हाइकानं. घाबरलेल्या टिलमानला ही चकती काही दिसेना. कॉर्दुलाही घाबरलेली, ती आपली पेले ठेवतच होती.

“काय रे, नदीकाठच्या,” ती त्याच्यावर खेकसली, “पितोयस का अंघोळ करतोयस?”

“पोरी, नीट बोल,” एंगेलबर्ट म्हणाला. “हा माणूस कानाचा पक्का आहे.”

मग त्यानं नेहमीचा विधी केला. अंगठा फेसात बुडवून एकेकाच्या कपाळाला लावला. “आजपासून तू कोलोनचा. कुणी विचारलं तर माझं नाव सांग. फेस वाळतो, पण पुसला जात नाही.” हॉलंडच्या बाईंना लावला, टिलमानला लावला. टिलमानपाशी जरा जास्तच रेंगाळला.

“कॉर्दुला, इकडं ये. हा बघ. ऐकतो, रडतो, गातो. असा जावई मिळाला ना मला, तर तुझ्या लग्नात छप्पर उडेपर्यंत गाईन!”

खोक्यात बसल्याबसल्या मी डोळे मिटले आणि देवाचे आभार मानले. तेवढीच माझी नजर हटली. उघडले तेव्हा टिलमानचे बूट माझ्या डोळ्यांसमोरून जात होते.

दोन बाकांमधल्या वाटेनं तो चाकासारखा गडगडत गेला. हात, हात, पाय, पाय, पुन्हा हात. इतकं गोल, इतकं सुरेख, की कुणी सर्कशीतला म्हणावा. घंटा बोटभर चुकवून दाराशी उभा राहिला, हसत. मग त्याला कळलं आपण काय केलं ते.



“हे,” एंगेलबर्ट हळूच म्हणाला, “हे कुठं शिकलास?”

सर्कस! माझ्या तोंडात शब्द आला होता, देव क्षमा करो. पण त्याआधी कॉर्दुलानं हातातले पेले खाली ठेवले. चालत गेली आणि टिलमानच्या शेजारी उभी राहिली.

“तो डुसेलडॉर्फचा आहे, बाबा. आणि मीही त्याच्यातलीच.”

एंगेलबर्टनं माझ्याकडं मान वळवली. “सिबिला! तुला ठाऊक होतं?”

“मी कबुलीच्या खोक्यात बसते, एंगेलबर्ट. इथं ऐकलेलं बाहेर सांगत नसतात.”

मग त्याचा बांध फुटला. काळी बिअर, उलटी डोकी, त्यांचे आजे, त्यांचे पणजे. मला वाटलं, आता छत्री घेऊन हा पोराला फलाटावर नेणार. कॉर्दुला शांतपणे आली, टेबलावरची चकती उचलली आणि बापाच्या अर्ध्या पेल्यावर झाकली.

“झाकलं, बाबा.”

तो तोंड उघडं ठेवून थांबला. रीत ती रीत.

त्या शांततेत हॉलंडच्या बाईंनी बोट वर केलं. “एक विचारू का? तुम्ही आत्ताच त्याला कोलोनचा केलात. मलाही केलंत. त्याचं रद्द झालं तर माझंही रद्द समजायचं का? मी बहिणीला फोन करून सांगितलंसुद्धा.”

एंगेलबर्टनं त्यांच्या कपाळाकडं पाहिलं. मग टिलमानच्या. फेस अजून वाळला नव्हता.

“तो कोलोनचा आहे,” तो शेवटी दात आवळून म्हणाला. “पण मग हे पाप त्यानं कोलोनचा झाल्यावर केलं! ते वाईटच!”

मी खोक्यातून उतरले आणि दार उघडून धरलं. “मग बस आत आणि दे प्रायश्चित्त.”

तो खरंच बसला. जाळीआडून फक्त मिश्या दिसत होत्या. “आलास तसाच परत जा. उलटा. म्हणजे कोलांटी मारलीच नाही असं धरू.”

टिलमाननं हात टेकले. जाताना बोटभर चुकलेली घंटा येताना चुकली नाही. टाच बसली आणि सासऱ्यांच्या काळापासून गप्प असलेली ती घंटा अशी दणाणली की भट्टीतले कामगार हातातलं टाकून धावत आले. पोरगा फरशीवर बसकण मारून, टाच चोळत, वर घंटेकडं बघत होता.

“सुराला जरा उतरलीय,” तो म्हणाला. “किंचितच. पण उतरलीय.”

खोक्यातून मिश्या बाहेर आल्या. “काय म्हणालास?”

“माफ करा. धंद्याची खोड.”

“उतरलीच आहे!” एंगेलबर्ट ओरडला. “लहानपणी या घंटेवर टिचकी मारून मी सांगितलं होतं की उतरलीय. सगळे हसले. सिबिला, तुझा नवरासुद्धा हसला होता!” तो खाली उतरला, टिलमानला हाताला धरून उठवलं आणि हात तसाच धरून ठेवला, स्टेशनवर न्यायला धरतो तसा नव्हे. “किती उतरलीय? म्हणून दाखव.”

टिलमाननं सूर लावला. एंगेलबर्टनं त्याच्यावर आपला लावला. कॉर्दुलानं निळ्या बाहीला नाक पुसलं आणि ती शेजारच्या टेबलावर पाणी मागणाऱ्याला म्हणाली, “टॉवेल कुठल्या रंगाचा आणू?”

पुढच्या शनिवारी मीही फेरीत होते, टिलमानही होता. ऱ्हाईनच्या पायऱ्यांवर एंगेलबर्टनं सवयीनं पाय उचलला आणि तसाच धरून ठेवला. आम्ही सगळे बघत होतो.

“आज नको,” तो पाहुण्यांना म्हणाला. “खाली आमचे व्याही राहतात.”

मग त्यानं खाली वाहणाऱ्या पाण्याकडं पाहिलं, एकदा जावयाकडं पाहिलं, आणि पाय हळूच बुडवला.

“बरं, एकच बूट.”