एका कानातून दुसऱ्या कानात

मी एक जुना पिरोजा आहे आणि मित्रांनो, माझा रंग कधी बदलत नाही. ऊन असो, वारा असो, आभाळाचा जो निळा तुकडा मी डोंगरातून घेऊन आलो तो अजून तसाच आहे. असं मी त्या दिवशी सकाळी सोनाराच्या दुकानात एका मोत्याला ऐकवत होतो. दुपारी जेवणं होईपर्यंत मी हिरवा झालो होतो.

पण आधी माझं मूळ सांगतो, म्हणजे दोष कुणाचा ते तुमचं तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कोरड्याठाक डोंगरात झाला. तिथे पाऊस यायचा तो घाईतल्या पाहुण्यासारखा, तोंड दाखवून जायचा. जे काही पाणी मिळायचं ते खडकाच्या भेगांतून झिरपायचं आणि उतरता उतरता वाटेतलं तांबं सोबत घेऊन यायचं. त्या तांब्यानं आम्हाला निळा रंग दिला. शेजारी लोखंडाचं बिऱ्हाड असतं, तर आम्ही जन्मतःच हिरवट निघालो असतो. आणि जिथे जिथे मूळ खडकानं जागा सोडायला साफ नकार दिला, तिथे आमच्या अंगावर तपकिरी रेघ राहिली.

एकाच ढेकळातून आम्ही दोघं भाऊ कापले गेलो. तो मधल्या गाभ्यातला. घट्ट, गुळगुळीत, कुणाचं काही मनाला लावून न घेणारा. मी वरच्या सालीजवळचा, भुसभुशीत. तेल, साबण, घाम, समोर येईल ते पिऊन टाकायचं ही माझी जन्मखोड. रेघ मात्र दोघांची सलग. आम्हाला कानातल्यांत बसवल्यावर असं दिसायचं, की रेघ बाईंच्या एका कानातून शिरते आणि दुसऱ्या कानातून बाहेर पडते. मधे काय होतं हे विचारायची कुणाची छाती नव्हती. बाई मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी त्यांना बघून लोक रस्त्यात शर्टाची बटणं लावायचे.

तर माझं कोंदण सैल झालं आणि बाई आम्हाला घेऊन सोनाराकडे आल्या. सोनार त्यांचाच विद्यार्थी. वय पन्नाशीच्या पुढे, पण बाई दुकानात असेपर्यंत तो स्वतःच्या गादीवर बसला नाही.

"कोंदण नीट दाबून दे," बाई म्हणाल्या. "दोन्ही ठेवून जाते. एकाचं बघून दुसरं बसव. संध्याकाळी आईकडे जायचंय."

"हो बाई."

"नुसतं हो म्हणू नकोस, ऐक. आई आता चेहरे ओळखत नाही. ही कानातली तिनंच मला करून दिलीत. ती दिसली की मला ओळखते. मागच्या आठवड्यात हा खडा हलत होता म्हणून घातली नव्हती, तर मला नर्स समजून माझ्याकडे माझीच तक्रार केली. मुलगी भेटायला येत नाही म्हणाली. कळलं?"

"कळलं बाई."

"काय कळलं?"

"कोंदण दाबायचं."

बाई गेल्या. सोनार जेवायला घरी गेला आणि दुकानात मेव्हण्याला बसवून गेला. हा मेव्हणा बहिणीकडे चार दिवस राहायला आला होता आणि धंदा कसा करायचा ते भावजींना शिकवत होता. त्यानं मला भिंगाखाली धरलं आणि तो चुकचुकला.

"केवढा मळ साचलाय बघा," तो मोत्याला म्हणाला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

मित्रांनो, जी रेघ घेऊन मी जन्माला आलो, तिला तो मळ म्हणत होता. त्यानं गरम पाणी आणलं, साबणाचा फेस केला, दात घासायचा ब्रश आणला. मी फेस पीत राहिलो. मी पांढरा पडलो, रेघ तिथेच. मग त्यानं सुई घेतली आणि रेघ कोरायला बसला. डोंगर उपटून काढायचा म्हणजे वेळ लागतोच, पण तो चिवट होता. शेवटी सुई वाकली. मग माझा पांढरेपणा घालवायला त्यानं डोक्याला लावायचं तेल घेतलं आणि मला चोळलं. तेवढंही मी प्यायलो.

सोनार परत आला.

"हा कुठला खडा?"

"तोच की."

"तो निळा होता."

"चकाकी बघा ना, भावजी. रंगाचं काय घेऊन बसलात."

सोनार मटकन गादीवर बसला. मग उठला. त्यानं माझ्यावर पावडर टाकली, ती तेल शोषेल म्हणून. मी हिरवाच राहिलो, वर बुरशी आल्यासारखा दिसू लागलो. तेव्हा मेव्हण्याला सुचलं, "भावजी, उलटा विचार करा. दुसरासुद्धा हिरवा करून टाकू. जोडी जमली म्हणजे झालं."

सोनाराची बुद्धी त्या वेळी भीतीनं पार गेली होती. माझ्या भावाला तेलाच्या वाटीत बुडवलं आणि दोघं वाटीवर डोकी घालून बसले. घड्याळ पुढे सरकत होतं. बाहेर चप्पल वाजली की दोघं दचकत. शेवटी भाऊ वर आला तो निळाच्या निळा, फक्त अपमानित दिसत होता. गाभ्यातला दगड तो, त्याला काय तेल लागणार.

आता मला बसवणं भागच होतं. सोनारानं कोंदण हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"दाबला आणि फुटला तर?"

"मग नका दाबू," मेव्हणा म्हणाला. "नुसता टेकवा."

त्यानं मला नुसता टेकवला. तेवढ्यात बाई आल्या.

त्यांनी आम्हा दोघांना तळहातावर घेतलं. 

"कुणी केलं?"

सोनारानं मेव्हण्याकडे बोट दाखवलं. मेव्हण्यानं सोनाराकडे.

"दुकान तुझं ना?" बाई सोनाराला म्हणाल्या. "मग चल माझ्याबरोबर. तिनं ओळखलं नाही, तर का ते तू सांग तिला."

आई खिडकीशी खुर्चीत बसली होती, मांडीवर चहाचा कप धरून. सोनार दाराशेजारच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटला. बाई आम्हाला कानांत घालून समोर बसल्या.

"नर्सबाई, माझी मुलगी आली का?"

बाईंनी नुसता कान पुढे केला. आईनं आधी भावाला चाचपलं.

"असं होतं तिचं," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "हे हिरवं. हे नाही तिचं. कुणाचं घालून आलात?"

मित्रांनो, आख्खी शाळा ज्यांच्यापुढे श्वास रोखून उभी राहायची, त्या बाईंच्या कानाला मी लटकलो होतो. मान ताठ होती. पण कानाची पाळी थरथरत होती, ते फक्त मला कळत होतं.

"हात लावून तर बघा," बाई हळूच म्हणाल्या.

आईनं बोट फिरवलं आणि तिचं नख रेघेत अडकलं. सुईनं कोरून ती आणखीच खोल झाली होती. नख एकदा वरून खाली आलं. पुन्हा वर गेलं.

"केस विंचरताना इथेच नख अडकायचं माझं," आई म्हणाली. "चिमणे, आठवडाभर होतीस कुठे?"

"शाळा होती, आई."

"आणि हे हिरवं कुणी केलं?"

"त्यानं. माझ्याच वर्गातला आहे."

"मग उभा कर त्याला कोपऱ्यात."

"उभाच आहे तो."

म्हणून मित्रांनो, कुणाच्या अंगावर रेघ दिसली, तर ब्रश घेऊन धावू नका. ती कुठून आली ते आधी विचारा. आम्हाला तेल-साबण दाखवू नका, कोरड्या मऊ कापडानं पुसा, तेवढं पुरे. आणि कोंदण दाबा.

आईनं लाडानं लेकीचा कान ओढला. मी तिच्या चहात पडलो. चहा बिनदुधाचा, कडक होता. चमचा शोधून मला बाहेर काढलं, तेव्हा मी तपकिरी झालो होतो.