शेवटून पहिला बाभूळ्या

मिरजगावात हायवेला लागून खतं-बियाण्यांचं एक दुकान आहे. निकिता आणि तिचा नवरा करण दोघं मिळून ते चालवतात. सकाळी गर्दी असते, संध्याकाळी असते, पण दुपारच्या जेवणानंतर युरियाच्या गोण्या आणि निकिता सोडून तिथं कुणी नसतं. त्या वेळात ती मोबाईलवर 'झुंजवन' खेळायची.

झुंजवनात नाना तऱ्हेचे अजब प्राणी मिळतात. ते पाळायचे, वाढवायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी त्यांची झुंज लावायची. प्रत्येकानं तीन प्राणी आणायचे. एका वेळी एकच मैदानात उतरतो, तो पडला की दुसरा. प्राण्यांची मूळ नावं इंग्रजी आणि तोंडात न मावणारी होती, म्हणून निकितानं सगळ्यांचं परत बारसं केलं. लोखंडी कवचाचं ते काळकासव. अंगातून ठिणग्या सोडत धावणारं ते वीजमुंगूस. अंगभर काटे असलेला, बुटका, कायम रुसल्यासारखा दिसणारा तो बाभूळ्या. ही नावं तिनं स्वतःच्या मराठी व्हिडिओंमध्ये वापरली आणि बघता बघता सगळ्या जिल्ह्यातली पोरं तीच वापरायला लागली.

तिचे व्हिडिओ चालायचे ते मात्र क्रमवारीमुळं. कोणता प्राणी किती ताकदीचा, हे ती दर महिन्याला सांगायची. तिनं शेतकीची पदवी घेतलेली. कांद्याच्या चार जाती शेजारी शेजारी लावून कोणती किती उतरते ते बघावं, तसं ती प्रत्येक प्राणी घेऊन भरपूर झुंजी खेळायची आणि मगच बोलायची. प्राण्यांचे तिनं गट पाडले होते. सगळ्यात वर खासदार, मग आमदार, सभापती, सरपंच आणि अगदी तळाला सतरंजी उचलणारे. "ह्या गटाला तिकीट कधीच मिळत न्हाई, पण सभा संपली की ह्यांनाच बोलावतात," असं तिनं सांगितलं आणि लोक तिच्यावर खूश झाले. काळकासव खासदार होतं. बाभूळ्या सतरंज्या उचलत होता, आणि त्यातही शेवटचा होता.

एक दिवस कोपरगावहून फोन आला. पुंजाराम नावाचे गृहस्थ बोलत होते. त्यांचं मोबाईलचं दुकान होतं आणि त्यांनी झुंजवनची जिल्हा स्पर्धा भरवायची ठरवली होती.

"ताई, तुमी पाहुण्या म्हनून यायचं आणि माईकवर झुंजीचं वर्णन करायचं. तुमचा आवाज सगळी पोरं ओळखतात."

निकितानं करणकडं पाहिलं. करणला ह्या खेळातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, पण त्याला तिकडून ठिबकचं सामान आणायचंच होतं. "जाऊ की," तो म्हणाला. "पिकअप रिकामीच न्यायची, त्यात तू बसून चल."

रविवारी उजाडताच निघून दोघं कोपरगावला पोचले. स्पर्धा मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं अजून कमानीला लटकत होती आणि स्टेजवर नवरा-नवरीचा लाल सोफा तसाच होता. मागं भिंतीवर मोठा पडदा लावून त्यावर झुंजी दाखवायची सोय केली होती. पुंजाराम निकिताला सोफ्याकडं घेऊन गेले.

"बसा ताई. शेजारी वर्णनाला मी बसतो."

"त्या सोफ्यावर?" करण म्हणाला. "मग शेजारी मी बसतो. मला काय कळत न्हाई, पण विचारता येतं."

अशा रीतीनं करणच्या हातात माईक आला. निकितानं कपाळाला हात लावला, पण मनातून तिला बरं वाटलं. एवढ्या माणसांसमोर ती पहिल्यांदाच बोलणार होती.

पहिली झुंज सुरू झाली. इकडच्या पोरानं काळकासव उतरवलं. तिकडच्यानंही काळकासव उतरवलं. काळकासवाची खुबी अशी, की ते कवचात शिरलं की त्याला मार लागत नाही आणि आत बसून गेलेली ताकद भरून काढतं. इकडचं कवचात शिरलं. तिकडचं बाहेर आलं, एक धडक दिली आणि तेही आत गेलं. बराच वेळ हेच चाललं. शेवटी वेळ संपली आणि ज्याची ताकद केसभर जास्त उरली होती त्याला विजयी केलं.

दुसऱ्या झुंजीतही दोन्हीकडून कासवं. तिसऱ्या झुंजीत तेच.

"इकडचं कासव आत गेलं," निकिता माईकवर म्हणाली. आणखी काय बोलावं ते तिला सुचेना. "तिकडचंही आत गेलंय."

"मंडळी," करण म्हणाला, "दोघंही घरी गेलेत. ते येईस्तवर चहा घ्यायला हरकत न्हाई."

सभागृह हसलं आणि खरोखरच निम्मी माणसं चहाला उठली. निकिताचे कान तापले. तिनं माईक बंद करून पुंजारामांना जवळ बोलावलं.

"सगळ्यांनी कासवच कसं काय आणलं?"

पुंजाराम जरा अवघडले. "ताई, मी नावनोंदणीच्या वेळी विचारलं पोरांना. सगळी म्हनली, निकिताताईंनी सांगितलंय, कासवच पहिलं उतरवायचं. शेजारच्या तालुक्यातली पोरंसुद्धा तेच म्हनली."

ते खरं होतं. मागच्या व्हिडिओत तिनं नेमकं हेच सांगितलं होतं. समोर बसलेल्या पोरांच्या मोबाईलमध्ये तिचीच यादी होती आणि त्यामुळं स्पर्धेत कुणी कुणाशी भांडतच नव्हतं. आपलं ऐकतात ह्याचा तिला आजवर आनंद वाटायचा. आज पहिल्यांदा त्याचा कंटाळा आला.

एवढ्यात एक बाई पायऱ्या चढून स्टेजवर आल्या. चाळिशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात मोबाईल.

"तुमीच का त्या निकिताताई?"

"हो."

"मी पुष्पावती. नेवाशाहून आले. ब्लाऊज शिवते. पुढची झुंज माझी हाय." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि निकिताला नीट पाहून घेतलं. "माझ्या बाभूळ्याला तुमी सतरंज्या उचलायला लावल्या."

निकिता गडबडली. "त्यात राग मानू नका ताई. तो हरतोच हो. मी खेळून बघितलंय."

"हरतो की. मी कुठं न्हाई म्हनते?" पुष्पावती म्हणाल्या. "पण खेळ घेतला त्या दिवशी पहिला हाच निघाला. तवापासून मीच वाढवलाय. आता कुनी व्हिडिओ केला म्हनून टाकून देऊ व्हय?"

पुष्पावती खाली जाऊन आपल्या जागेवर बसल्या आणि झुंज सुरू झाली. समोरच्या पोरानं अर्थातच कासव उतरवलं. पुष्पावतींनी बाभूळ्या उतरवला. मोठ्या पडद्यावर तो रुसका बुटका जीव दिसताच पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"ही झुंज लवकर संपेल," निकिता माईकवर म्हणाली. "बाभूळ्यात दम नसतो. वीजमुंगूस आलं तर दोन फटक्यांत आडवा होतो."

"मुंगूस कुठाय पण?" करणनं विचारलं.

"मागं बसलंय. पहिलं कासव उतरलंय ना."

"मग हा करतो काय?"

"काटे टाकतो. जमिनीवर."

बाभूळ्यानं काटे टाकले. कासव सवयीप्रमाणं कवचात शिरलं. बाभूळ्यानं आणखी काटे टाकले. कासवानं धडक द्यायला पाय बाहेर काढला, तो काट्यावर पडला आणि त्याची ताकद उतरली. ते पुन्हा आत गेलं, थोडीफार ताकद भरली, पुन्हा बाहेर आलं, पुन्हा काटा. आत भरायचं त्यापेक्षा बाहेर जास्त जात होतं. समोरचा पोरगा मोबाईलवर अंगठा धरून नुसता बघत राहिला. काही वेळानं लोखंडी कासव धप्पकन उताणं झालं.

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं सभागृह वाजवायला लागलं. चहाला गेलेले लोक पेले हातात घेऊन परत आले.

निकिता सोफ्याच्या अगदी कडेला सरकली होती. "थांबा," ती माईकवर म्हणाली, "माझ्या आत्ता ध्यानात आलं. बाभूळ्याला काटे टाकायला वेळ लागतो. मी खेळून बघायचे तेव्हा समोर मुंगसं यायची आणि त्याला तेवढा वेळच द्यायची नाहीत. आता सगळे आधी कासव आणतायत. कासव काही घाई करत नाही. म्हणजे त्याला पाहिजे तेवढा वेळ मिळतोय."

"म्हणजे तुझी यादी चुकली?" करणनं विचारलं. त्याच्याही हातातला माईक चालूच होता.

सगळे हसले. निकितालाही हसू आलं. "केली तेव्हा बरोबर होती," ती म्हणाली. "सगळ्यांनी ऐकल्यावर चुकीची झाली."

कासवामागून आलेले प्राणीही त्या काट्यांवरच उतरले. पुष्पावतींनी ती झुंज जिंकली, पुढचीही जिंकली. दोन्ही वेळा समोर पहिलं कासवच होतं. नंतर जेवणाची सुट्टी झाली. सुट्टीत संघ बदलायची मुभा होती, आणि मसालेभात ताटात तसाच ठेवून पोरं मोबाईल उघडून बसली. कितीतरी दिवस ढुंकून न पाहिलेले प्राणी बाहेर निघाले. "माझ्याकडं ती टिटवी होती रे, कुठं गेली?" असं एकजण दुसऱ्याला विचारत होता. कुणी मुंगूस पुढं आणत होता, कुणी मुंगसाला अडवणारं काहीतरी शोधत होता. निकिताकडं विचारायला मात्र एकही आला नाही. तिला त्याची गंमत वाटली. ताट घेऊन ती पुष्पावतींच्या शेजारी जाऊन बसली.

"ताई, तुम्हाला हे आधीच माहीत होतं का? कासवाला काटे लागतात ते?"

"मला कशाचं?" पुष्पावती म्हणाल्या. "मी सगळ्यांसमोर हाच उतरवते. कधी हरते, कधी लई हरते. आज जिंकले." त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडला. "आता तुमी त्याला कुठल्या गटात घालनार?"

निकितानं विचार केला. "तेच कळंना. वर नेला तर सगळे त्यालाच आणतील. मग त्याला मारायला मुंगसं येतील, आणि तो परत खाली येईल."

"मग तुमाला दर महिन्याला काम हाय की," पुष्पावती म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

दुपारनंतर स्पर्धेचा नूरच पालटला. एक झुंज दुसरीसारखी होईना. निकिताला श्वास घ्यायला उसंत नव्हती. मुंगूस धावलं की तिचा आवाज चढायचा, टिटवी वरून झेपावली की ती जागेवरून उठायची. करण कबड्डी खेळलेला होता. पडलेल्या प्राण्याला तो "बाद" म्हणायचा आणि शेवटचा प्राणी उरला की "आता एकटा चढाईला आलाय" म्हणायचा. लोकांना ते इतकं आवडलं, की एखादा प्राणी पडला की सगळं सभागृहच "बाद" म्हणायला लागलं.

अंतिम झुंजीत पुष्पावती होत्या आणि समोर कल्याण नावाचा कोपरगावचाच कॉलेजातला मुलगा. तो सकाळपासून गप्प बसून सगळ्यांच्या झुंजी बघत होता. त्यानं कासव आणलंच नाही. पहिलंच वीजमुंगूस उतरवलं.

"पुष्पाताई पहिला कोण उतरवतील?" करणनं विचारलं, खरं तर सगळ्यांनाच माहीत होतं.

बाभूळ्या उतरला. मुंगसानं पहिला फटका दिला. बाभूळ्यानं तेवढ्यात मूठभर काटे टाकले. दुसऱ्या फटक्यात तो आडवा झाला. "बाद," सभागृह म्हणालं, पण ह्या वेळी जरा हळू आवाजात. पुष्पावतींनी चष्मा पुसला आणि दुसरा प्राणी उतरवला. ती दगडी अंगाची गारगोटी होती. तिनं मुंगसाला दाबून धरलं. मुंगूस गेलं. कल्याणचा दुसरा प्राणी आला तो बाभूळ्याच्या काट्यांवरच, आणि तोही फार टिकला नाही. आता कल्याणकडं एक उरला होता आणि पुष्पावतींकडं दीड. कल्याणच्या कपाळावर घाम दिसत होता. निकिताला आपण कुणाच्या बाजूनं आहोत हे लपवायचं होतं, पण आवाज लपत नव्हता.

कल्याणनं शेवटी टिटवी आणली. ती उडत आली, त्यामुळं तिला काटे लागले नाहीत. तिनं दमलेल्या गारगोटीला उलटवलं. मग पुष्पावतींच्या तिसऱ्या प्राण्याशी तिची बराच वेळ जुंपली. शेवटचा फटका दोघांनी एकाच वेळी दिला, पण टिटवीचा आधी बसला.

पुष्पावती हरल्या. त्या उठल्या, जाऊन कल्याणच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "टिटवी चांगली वाढवलीस रे." कल्याण लाजला. त्याला हेडफोन मिळाला आणि पुष्पावतींना भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ देताना पुंजारामांनी निकिताला दोन शब्द बोलायला सांगितले. ती म्हणाली, "सकाळी मला वाटलं होतं मी घरीच बरी होते. आता घरी जावंसं वाटत नाही." आणि ती खाली बसली.

पुढच्या व्हिडिओत निकितानं गट पाडले नाहीत. कोणता प्राणी कुणासमोर चालतो आणि कुणासमोर मार खातो, एवढंच सांगितलं. लोकांनी कुरकुर केली. 'ताई, सरळ नंबर सांगा,' असं खूप जणांनी लिहिलं. दोन महिन्यांनी तिनं नंबर परत सुरू केले, कारण त्याशिवाय भांडायला मजा येत नाही, हे तिलाही मान्य होतं. पण सुरुवातीलाच ती बजावून सांगायला लागली, "ही यादी आजची हाय. तुम्ही सगळ्यांनी ऐकली की उद्या जुनी होणार."

आणि आता दुपारी ती एकटी खेळत नाही. दुकान रिकामं झालं की नेवाशाला फोन लावते. पुष्पावती शिलाई मशीनवरून उठतात, फोन स्पीकरवर टाकतात आणि दोघींची झुंज लागते. निकितानं सध्या एक गोगलगाय वाढवायला घेतली आहे. ती कोणत्याच गटात बसत नाही इतकी संथ आहे, पण निकिताला ती आवडते. मधेच पुष्पावती म्हणतात, "थांबा हं, गिऱ्हाईक आलं, माप घेते." खेळ काही थांबत नाही, प्रत्येक खेपेला काहीतरी चाल करावीच लागते. मग निकिता वार न करता गोगलगाईला नुसतं जागच्या जागी बसवून ठेवते, एक चाल, दुसरी चाल, पलीकडून टेपचं माप मोठ्यानं सांगितलेलं ऐकत, पुष्पाताई परत येईपर्यंत.