रेघेखालचे पाणी

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची बाटली आहे, ॲल्युमिनियमची, आणि सध्या भयंकर चिडलेली आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू म्हणे फार हळव्या असतात. खुंटीवरची छत्री उसासे टाकते, मोडकी खुर्ची डोळे पुसते. मला ते जमणार नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे आणि तो का झाला, तेच सांगायला मी बसले आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याची गोल चकती यंत्राखाली दाबून माझे पोट घडवले, गळ्याला आटे पाडले आणि झाकण हरवू नये म्हणून बारीक साखळी लावली. दुकानाच्या फळीवरून एका नर्सने मला उचलले, टिचकी मारून पाहिली आणि घरी नेले. घरात तिच्या भावाचा लहान मुलगा तिला आत्या म्हणे, म्हणून मीही तिला आत्याच म्हणू लागले.

आत्याचे काम लांबलांबच्या वस्त्यांवर जाऊन आजाऱ्यांना औषध देण्याचे. सायकलच्या दांडीला मी अडकवलेली असे. पहिल्याच उन्हाळ्यात तिने खिळा घेऊन माझ्या पोटावर बरोबर मध्ये एक आडवी रेघ ओढली. मला दुखले. पण त्यामागचे कारण कळल्यावर मला त्या रेघेचा अभिमान वाटू लागला. रेघेवरचे पाणी जाण्याचे, रेघेखालचे परतीचे. सायकलचे तोंड घराकडे वळल्याशिवाय आत्या खालच्या पाण्याला हात लावत नसे. टिचक्या मारून, आवाजावरून ती पाणी कुठवर आहे ते ओळखायची. एकदा सायकलची साखळी तुटली आणि तिला भर उन्हात पायी यावे लागले. दारात टेकताच मला भावापुढे धरून ती म्हणाली, "हिच्यामुळे आले मी घरी." एवढे कौतुक माझे पुन्हा कुणी केले नाही.

मग आत्याचे गुडघे गेले. सायकल विकली गेली. मी कपाटावर चढले आणि कुणीतरी माझ्यात जुने स्क्रू भरून ठेवले. पाणी पोटात घेऊन फिरणारीला स्क्रू! तोही राग मी गिळला.

दरम्यान भाचा मोठा झाला आणि त्याने महागडी सायकल आणली. डोंगरापलीकडच्या एका तळ्यावर एकट्याने जायचे, काठावर तंबू ठोकायचा आणि परत यायचे, असे त्याने ठरवले. तेही ऐन उन्हाळ्यात. सामान हलके हवे म्हणून तो एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहू लागला. टूथब्रशची दांडीसुद्धा त्याने करवतीने कापली. स्वतःचे सुटलेले पोट मात्र काट्यावर ठेवायचे त्याला सुचले नाही.

आत्याने माझ्यातले स्क्रू काढले, मला घासूनपुसून त्याच्यासमोर ठेवले.

"अगं आत्या, केवढी जड आहे ही! माझ्याकडे दोन हलक्या बाटल्या आहेत. आणि मी तळ्यावर चाललोय, वाळवंटात नाही."

"तळं पाहिलंयस तू?"

"नकाशात आहे ना. हे बघ, एवढं मोठं निळं."

"मग हीसुद्धा ने. नाहीतर मी सायकलपुढे आडवी पडेन. माझे गुडघे हे असे, उठवायला तुलाच यावं लागेल."

तो हसला आणि त्याने मला घेतले. रेघेचा अर्थ त्याला लहानपणापासून ठाऊक होता, हे लक्षात ठेवा.

वाटेतल्या शेवटच्या गावात त्याने मला काठोकाठ भरले. सकाळीच ऊन रणरणत होते. चढाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत त्या दोन हलक्या बाटल्या निम्म्या झाल्या होत्या. तिथे रस्त्याकडेला एक मोठा खडक होता. भाच्याने वरचा चढ पाहिला, मग माझ्याकडे पाहिले.

"पुढं तळंच आहे. पाणी घेऊन पाण्याकडे कशाला जायचं?" तो स्वतःशीच म्हणाला आणि मला खडकाच्या सावलीत ठेवून निघून गेला. येताना नेणार होता म्हणे!

मला पाय नाहीत, तोंड आहे पण त्याला झाकण आहे. नाहीतर त्या शहाण्याला मी असे काही सुनावले असते की चाके जागीच थांबली असती. तो वळणाआड गेला. सूर्य वर चढला तशी सावली खडकाच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि मी उन्हात भाजत राहिले. सावली हलते, एवढेसुद्धा त्याच्या डोक्यात आले नव्हते.

दुपारी शेळ्या घेऊन एक बाई आली. तिने मला उचलले, हलवून पाहिले, झाकण काढून चार घोट घेतले आणि पाचव्याला थांबली.

"राहू दे बाई," ती शेळ्यांना सांगावे तसे म्हणाली. "कुणीतरी परत यायचं असेल." मग तिने मला खडकामागे, सावलीत नेऊन ठेवले आणि ती गेली.

ऊन कलताना तो आला. सायकल ढकलत, अडखळत. ओठ फुटलेले, शर्ट वाळून कडक झालेला. तळे आटले होते. नकाशात निळे होते तिथे भेगाळलेला चिखल होता आणि मधोमध हिरवट, घाण वासाचे डबके. हे त्याने नंतर सांगितले. तेव्हा तो फक्त मला शोधत होता, सकाळी ठेवले होते त्याच जागी.

"चोरली! चोरली रे कुणीतरी!" तो ओरडला. आवाज नव्हताच, नुसती घरघर होती. त्याने सायकल सोडून दिली आणि तो रडू लागला. मी खडकाच्या पलीकडे होते, हातभर अंतरावर. अरे गाढवा, इकडे ये, सावलीत ये, असे मी आतल्या आत किंचाळत होते. तो शुद्धीत होता की नव्हता कोण जाणे, पण शेवटी सावलीकडे सरपटत आला, कोसळला आणि त्याचा हात माझ्या साखळीला लागला. पाणी गरम होते. तो घोट घोट करत प्यायला. त्यावर तो शेवटच्या गावापर्यंत पोचला.

घरी आल्यावर साहेबांनी मला काचेच्या कपाटात ठेवले, रिकामी. मित्रांना तो सांगत होता, "थोडक्यात वाचलो, पण काय भन्नाट अनुभव!" आत्या ऐकत होती. सगळे गेल्यावर तिने विचारले, "बाटली तुझ्याजवळ होती, मग पाण्यावाचून हाल कसे झाले?"

त्याची मान खाली गेली. त्याने खरे ते सांगितले.

आत्या ओरडली नाही. तिने मला बाहेर काढले, काठोकाठ भरले आणि वजनकाट्यावर ठेवले.

"एवढं जड झालं होतं का रे तुला?" तिने काट्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवले. "आणि तू आला नसतास तर ते ओझं मी कुठं उतरवलं असतं?"

भाचा तिच्या गुडघ्यांवर डोके टेकून बसला. बसू दे. माझा राग अजून गेलेला नाही.

मित्रांनो, मला काचेत मांडू नका. सामान हलके करायचे तर करा, ब्रश कापा, तंबू घरी ठेवा. पण घरी कुणी वाट पाहत असेल, तर रेघेखालचे पाणी वाटेत उतरवू नका. त्यातले निम्मे त्यांचे असते.